छताच्या कडेवरून फेकलेला चेंडू: प्रक्षेप्य गतीचं एक गणित, आकृतीपासून ताळ्यापर्यंत

गणित असं आहे. जमिनीपासून १८ मीटर उंच छताच्या कडेवरून एक चेंडू क्षितिजसमांतर रेषेच्या वर ३५ अंशांचा कोन करून १५ मीटर प्रति सेकंद वेगानं फेकला. इमारतीच्या पायथ्यापासून तो किती लांब पडेल? जमिनीवर आदळताना त्याचा वेग किती आणि कोणत्या दिशेला असेल? हवेचा रोध धरायचा नाही.

हे गणित मुद्दाम घेतलंय, कारण पाठ केलेलं कुठलंही तयार सूत्र इथे थेट लागू पडत नाही. तरी पाठांतराची सवय झालेला हात लगेच पल्ल्याच्या सूत्राकडे जातो: वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट कोनाची साइन, भागिले गुरुत्व त्वरण. किमती घातल्या की २२५ × ०.९३९७ ÷ ९.८, म्हणजे २१.५७ मीटर. उत्तर दिसायला नीटस, एककही जुळतं, आणि तरी साफ चुकीचं. खरं उत्तर ३६.७ मीटर आहे. ते सूत्र तयार होतानाच त्यात एक अट गाडलेली असते: वस्तू ज्या पातळीवरून निघाली त्याच पातळीवर परत येते. आपला चेंडू २१.५७ मीटरवर छताच्या पातळीला परत येतो हे खरंच आहे, पण त्या क्षणी त्याच्याखाली अजून १८ मीटर मोकळी हवा असते.

म्हणून पल्ला, महत्तम उंची आणि उड्डाणकाल ही तिन्ही तयार सूत्रं मी गणित सोडवताना बाजूला ठेवतो आणि ताळ्याच्या वेळी काढतो. सोडवायला त्यांची गरजच नसते. प्रक्षेप्य गतीत, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीत, मुळात दोनच गोष्टी चालू असतात. आडव्या दिशेनं चेंडूला कोणी ढकलत नाही, कोणी अडवत नाही, म्हणून तो एकाच वेगानं जात राहतो. उभ्या दिशेनं गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वेग खालच्या बाजूला वाढवत राहतं. या दोन गतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. दोघींत सामायिक आहे ती फक्त वेळ. सगळं गणित या एका दुव्यावर चालतं: एका दिशेतून वेळ काढायची आणि दुसऱ्या दिशेत घालायची.

पण आधी आकृती. ती टाळून समीकरणाला हात घालणाऱ्यांचीच गणितं जास्त चुकतात, कारण चुका बहुतेक वेळा बीजगणितात होत नाहीत, त्याच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. आकृतीसाठी चित्रकला लागत नाही. कागदावर डावीकडे एक उभी रेघ, ती इमारत. तिच्या टोकाशी एक ठळक टिंब. तिथून वर जाऊन वळणारी आणि खाली बरीच लांब उतरणारी वक्र रेघ. खाली जमिनीची आडवी रेघ. टिंबापासून सुरुवातीच्या वेगाचा बाण, आणि त्या बाणाच्या व आडव्या तुटक रेघेच्या मधे ३५ अंश. इतकं काढलं की वक्राचा उतरता भाग चढत्या भागापेक्षा लांब असल्याचं डोळ्यांना दिसतं, आणि पल्ल्याच्या सूत्राचा मोह तिथेच सुटतो.

आकृतीवरच अक्ष ठरवायचे आणि ते लिहून ठेवायचे. मी आरंभबिंदू छताच्या कडेवर घेतो, उजवी बाजू धन, वरची बाजू धन. आरंभबिंदू जमिनीवर घेतला तरी चालतं, खालची बाजू धन धरली तरीही चालतं. चालत नाही ते मधेच बदलणं. वर धन ठरवलं की तीन चिन्हं आपोआप ठरतात: सुरुवातीचा उभा वेग धन, त्वरण −९.८, आणि जमिनीवर पोहोचेपर्यंतचं उभं विस्थापन −१८. विस्थापन म्हणजे शेवटची जागा वजा सुरुवातीची जागा. चेंडू मधे कितीही वर जाऊन आला तरी त्या आकड्यात फरक पडत नाही. चढाईची उंची आणि उतरण यांची बेरीज करून विस्थापन काढायला जाणारे इथेच फसतात.

आता दोन रकाने. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे ‘आडवं’, उजवीकडे ‘उभं’. डाव्या रकान्यात तीनच ओळी: आडवा वेग, वेळ, आडवं अंतर. उजव्या रकान्यात पाच: सुरुवातीचा उभा वेग, शेवटचा उभा वेग, त्वरण, उभं विस्थापन, वेळ. जे माहीत आहे ते लिहायचं, जे माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह. दोन्ही रकान्यांतल्या ‘वेळ’ या शब्दांना एका रेघेनं जोडायचं. ही रेघ वरवर पाहता पोरकट वाटते, पण पुढचं पाऊल तिच्यातूनच सुचतं.

रकाने भरायचे तर १५ या वेगाचे घटक पाडावे लागतात. आडवा घटक १५ × कोसाइन ३५ = १५ × ०.८१९२ = १२.२८८. उभा घटक १५ × साइन ३५ = १५ × ०.५७३६ = ८.६०४. दोन्ही मीटर प्रति सेकंदात. इथून पुढे १५ हा आकडा कुठल्याही समीकरणात दिसता कामा नये. तो दिसला तर घटक पाडायचा राहून गेला असं समजावं. मी तो आकडा पेन्सिलीनं हलकेच खोडून टाकतो आणि शेवटच्या ताळ्यापर्यंत त्याच्याकडे बघत नाही.

‘आडव्याला कोसाइन, उभ्याला साइन’ हे पाठ करू नये. कोन आडव्या रेषेशी असेल तरच ते खरं. ‘उभ्या रेषेशी ५५ अंश’ असं दिलं तर कोन वेगळा, आणि साइन-कोसाइनची जागाही उलट. काटकोन त्रिकोण काढून कोनाला चिकटलेली बाजू कोणती ते पाहायचं. तिला कोसाइन. शिवाय एका नजरेत करता येणारी तपासणी: कोन ४५ अंशांपेक्षा कमी असेल तर आडवा घटक मोठाच यायला हवा. इथे १२.२८८ हा ८.६०४ पेक्षा मोठा आहे, तेव्हा ठीक.

कॅल्क्युलेटरबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे चांगली चांगली गणितं बुडतात. यंत्र रेडियनवर असेल तर कोसाइन ३५ हे −०.९०३७ येतं आणि चेंडू छतावरून मागच्या बाजूला जातो. ही चूक निदान ओरडून सांगते. जास्त घातक आहे ती ग्रेडियनची, म्हणजे काटकोनाचे शंभर भाग धरणाऱ्या एककाची, खूण. त्या स्थितीत साइन ३५ हे ०.५२२५ आणि कोसाइन ०.८५२६ येतं. आकडे इतके साळसूद असतात की शंकाही येत नाही, आणि उत्तर मात्र बिघडतं. त्यामुळे गणिताला हात घालण्याआधी साइन ३० दाबायचं. ०.५ आलं तर पुढे जायचं.

आता उजवा रकाना बघू. सुरुवातीचा उभा वेग ८.६०४, त्वरण −९.८, विस्थापन −१८, वेळ माहीत नाही. डाव्या रकान्यात आडवा वेग १२.२८८, आणि वेळ व अंतर दोन्ही अज्ञात. डावीकडे एका समीकरणात दोन अज्ञात असल्यानं तिथून सुरुवात करता येत नाही. उजवीकडे पाच गोष्टींपैकी तीन हातात आहेत. वेळ उजवीकडून काढायची. कुठून सुरू करायचं हा प्रश्न बुद्धीला ताण न देता असा सुटतो.

उभं विस्थापन = सुरुवातीचा उभा वेग × वेळ + अर्धं त्वरण × वेळेचा वर्ग. वेळेला ‘ट’ म्हणू:

−१८ = ८.६०४ट − ४.९ट²

सगळं एका बाजूला आणलं की:

४.९ट² − ८.६०४ट − १८ = ०

वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली ७४.०३ + ३५२.८ = ४२६.८३ येतं, वर्गमूळ २०.६६. मग ट = (८.६०४ + २०.६६) ÷ ९.८ = २.९८६ सेकंद, किंवा (८.६०४ − २०.६६) ÷ ९.८ = −१.२३० सेकंद.

ऋण उत्तर बाद करायचं, पण ते का आलं हे एकदा समजून घेणं मोलाचं आहे. समीकरणाला छत माहीत नाही. त्याला फक्त एक वक्र माहीत आहे, आणि तो वक्र मागेही पसरलेला आहे. तोच वक्र मागे वाढवला तर चेंडू छताच्या कडेवरून जाण्याआधी १.२३ सेकंद जमिनीच्या पातळीवर असता, इमारतीच्या १५.१ मीटर मागे. म्हणजे त्या जागेवरून नेमक्या वेगानं फेकलेला चेंडू आपल्या चेंडूच्याच वाटेनं कडेवरून गेला असता. आपली गोष्ट वेळ शून्यापासून सुरू होते, म्हणून हा भाग सोडायचा.

चिन्हं चुकली तर काय दिसतं, हे इथे नीट पाहून ठेवावं, कारण चूक स्वतःच आपलं नाव सांगते. विस्थापन +१८ घातलं तर वर्गमुळाखाली ७४.०३ − ३५२.८ असा ऋण आकडा येतो आणि कॅल्क्युलेटर हात वर करतो. समीकरणाचं म्हणणं रास्त असतं: तुम्ही चेंडूला कडेच्या वर १८ मीटर जायला सांगताय, आणि तो तर जेमतेम पावणेचार मीटर वर जाणार आहे. त्वरण चुकून +९.८ घेतलं तरी ऋण वर्गमूळ येतं. पण दोन्ही चिन्हं एकदम चुकली, म्हणजे १८ = ८.६०४ट + ४.९ट² असं मांडलं, तर उत्तर येतं १.२३० सेकंद, धन, नीटनेटकं. हे कोणत्या चेंडूचं उत्तर आहे? तितक्याच वेगानं ३५ अंश खाली फेकलेल्या चेंडूचं. खाली धन धरून वरचा वेग ऋण करायला विसरलं की नेमकं हेच होतं. ताळा केला नाही तर ही चूक पकडली जात नाही.

वर्गसमीकरण नको असेल तर गोष्ट दोन तुकड्यांत मोडता येते, आणि ताळ्यासाठी मी हाच मार्ग वापरतो. पहिला तुकडा कडेपासून सर्वोच्च बिंदूपर्यंत. तिथे उभा वेग शून्य, म्हणून वेळ ८.६०४ ÷ ९.८ = ०.८७८ सेकंद, आणि चढाई ८.६०४ चा वर्ग ÷ १९.६ = ३.७८ मीटर. दुसरा तुकडा सर्वोच्च बिंदूपासून जमिनीपर्यंत: उंची १८ + ३.७८ = २१.७८ मीटर, उभा वेग शून्यापासून सुरू. वेळ = (२ × २१.७८ ÷ ९.८) चं वर्गमूळ = २.१०८ सेकंद. बेरीज २.९८६. दोन वाटांनी तोच आकडा आला, तेव्हा वेळ पक्की.

ती वेळ रेघेवरून डाव्या रकान्यात न्यायची. आडवं अंतर = १२.२८८ × २.९८६ = ३६.७ मीटर. एक ओळ, संपलं.

उत्तर ३६.७ लिहायचं, पण मधले आकडे चार अंकांपर्यंत ठेवायचे. आडवा वेग १२.२८८ ऐवजी नुसता १२ धरला तर अंतर ३५.८ येतं, जवळजवळ एक मीटर कमी. गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १० घेतलं तर वेळ २.९४४ आणि अंतर ३६.२. गणितात ‘१० घ्या’ म्हटलं असेल तर १० घ्यावं, नसेल तर ९.८. प्रमाण किंमत ९.८०६६५ आहे, आणि प्रत्यक्ष पृथ्वीवर ती विषुववृत्ताशी साधारण ९.७८ पासून ध्रुवाशी ९.८३ पर्यंत बदलते, त्यामुळे तिसऱ्या अंकावरून हमरीतुमरीवर येण्यात अर्थ नाही. एकाच गणितात एके ठिकाणी ९.८ आणि दुसरीकडे १० मात्र नको.

आता आदळण्याचा वेग. ‘जमिनीवर पोहोचला म्हणजे थांबला, म्हणजे शेवटचा वेग शून्य’ ही या विषयातली सगळ्यात चिवट चूक आहे. चेंडू थांबतो तो जमिनीच्या जोरामुळे, आणि जमीन लागली की आपली समीकरणं संपतात, कारण त्वरण ९.८ राहत नाही. आपल्याला हवा आहे तो जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणाचा वेग. उभा वेग = ८.६०४ − ९.८ × २.९८६ = −२०.६६. आडवा वेग पहिल्या क्षणाला होता तोच, १२.२८८. दोघांच्या वर्गांची बेरीज ५७७.८, वर्गमूळ २४.०४ मीटर प्रति सेकंद. दिशा: २०.६६ ÷ १२.२८८ = १.६८१, या टॅनचा कोन ५९.३ अंश, आडव्या रेषेच्या खाली. ‘खाली’ हा शब्द लिहिल्याशिवाय वेगाचं उत्तर पूर्ण होत नाही, कारण वेग सदिश आहे, म्हणजे त्याला आकड्यासोबत दिशाही असते.

याचीच जुळी चूक सर्वोच्च बिंदूवर होते. तिथे ‘वेग शून्य’ असं सर्रास म्हटलं जातं. शून्य होतो तो फक्त उभा घटक. आपला चेंडू माथ्यावरही १२.२८८ नं पुढे जातच असतो. आणि त्वरण तर तिथेही ९.८ खालीच. तेही शून्य झालं असतं तर चेंडू माथ्यावरून सरळ आडवा निघून गेला असता, परत खाली आलाच नसता.

खोडून ठेवलेला १५ आता ताळ्यासाठी बाहेर काढायचा. ऊर्जेच्या अक्षय्यतेनुसार शेवटच्या वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × ९.८ × १८ = २२५ + ३५२.८ = ५७७.८. वर आला तोच आकडा. या ताळ्यात कोन कुठेच येत नाही, म्हणून साइन-कोसाइनची अदलाबदल त्यातून कळणार नाही. पण वेळ, चिन्हं आणि आकडेमोड यांतली चूक बहुतेक सापडते. कोन कितीही असला तरी या छतावरून १५ नं फेकलेला चेंडू २४.०४ नंच आदळतो, ही गोष्ट मला अजूनही फार सुंदर वाटते.

याच चेंडूवर दुसरा प्रश्न विचारला जातो: समोर २५ मीटरवर १० मीटर उंच भिंत आहे, चेंडू ती ओलांडेल का? नवं सूत्र शोधायचं नाही. रकाने तेच, फक्त प्रश्नचिन्हांची जागा बदलली. आता अंतर माहीत आहे, म्हणून वेळ डावीकडून निघते: २५ ÷ १२.२८८ = २.०३५ सेकंद. ती उजवीकडे घातली की उभं विस्थापन −२.७८ मीटर, म्हणजे जमिनीपासून १५.२ मीटर. चेंडू भिंतीच्या पाच मीटर वरून, उतरताना, जातो.

शब्दांत लपलेले आकडे ओळखणं हा अर्धा सराव. ‘आडवा फेकला’ म्हणजे सुरुवातीचा उभा वेग शून्य. ‘त्याच पातळीवर पडला’ म्हणजे उभं विस्थापन शून्य. ‘सर्वोच्च बिंदूवर’ म्हणजे त्या क्षणी उभा वेग शून्य. ‘सोडला’ हा शब्द मात्र फसवा. जमिनीवर उभं राहून सोडलं तर सुरुवातीचा वेग शून्य. पण ४९० मीटर उंचीवरून ७० मीटर प्रति सेकंद वेगानं सरळ जाणाऱ्या विमानातून पेटी सोडली, तर पेटीला विमानाचाच आडवा वेग असतो. दहा सेकंदांत ती जमिनीवर येते आणि सोडल्या जागेच्या ७०० मीटर पुढे पडते. ‘नुसती सोडली’ म्हणून आडवा वेग शून्य धरला की सगळं गणित वाया.

सगळ्यात अवघड प्रकार कोन अज्ञात असण्याचा. वेग २२ मीटर प्रति सेकंद, लक्ष्य ३० मीटर दूर आणि ५ मीटर उंच, कोन किती? इथे रकान्यांत घटकच पाडता येत नाहीत, म्हणून ते अक्षरांत ठेवायचे, डावीकडून वेळ = ३० ÷ (२२ × कोसाइन) अशी काढायची आणि उजवीकडे घालायची. तिथे एक भागिले कोसाइनचा वर्ग येतो. त्याच्या जागी १ + टॅनचा वर्ग लिहिलं की कोड्याचं साध्या वर्गसमीकरणात रूपांतर होतं. ही एक युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. टॅनला ‘प’ म्हटलं तर:

९.११२प² − ३०प + १४.११२ = ०

प = ०.५६९ किंवा २.७२४, म्हणजे कोन २९.६ अंश किंवा ६९.८ अंश. दोन्ही उत्तरं खरी आहेत, यातलं कुठलंही खोडायचं नाही. खालच्या कोनानं चेंडू १.५७ सेकंदात पोहोचतो, वरच्या कोनानं उंच जाऊन ३.९६ सेकंदांत. ‘लवकरात लवकर’ किंवा ‘मधल्या झाडावरून’ असं काही गणितात दिलं असेल तरच निवड करायची. आणि वर्गमुळाखाली ऋण आकडा आला तर त्या वेगानं लक्ष्य गाठणंच शक्य नाही, हेच उत्तर.

या प्रकाराचा ताळा झटपट होतो. दोन कोनांची बेरीज ९९.५ अंश. लक्ष्याकडे पाहणाऱ्या रेषेचा आडव्याशी कोन, म्हणजे ५ ÷ ३० या टॅनचा कोन, ९.५ अंश. बेरीज नेहमी ९० अधिक हा कोन इतकी येते. लक्ष्य त्याच पातळीवर असेल तर बेरीज बरोबर ९०, म्हणून ३० आणि ६० अंशांचा पल्ला सारखा. गॅलिलिओनं १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रक्षेप्याची वाट अन्वस्त (पॅराबोला) असते हे सिद्ध केलं, आणि ४५ अंशांपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावरच्या कोनांचा पल्ला सारखा असतो हेही मांडलं. आडवी आणि उभी गती वेगळी करण्याची जी रीत आपण दोन रकान्यांत वापरतो, ती त्याचीच.

‘जास्तीत जास्त पल्ल्यासाठी ४५ अंश’ या वाक्यालाही तीच गाडलेली अट आहे: सुटण्याची आणि पडण्याची पातळी एक. गोळाफेकीत गोळा सुमारे दोन मीटर उंचीवरून सुटतो. वेग १४ आणि उंची २.१ मीटर धरली तर सर्वोत्तम कोन ४२.३ अंश येतो. प्रत्यक्षात खेळाडू त्याहूनही कमी कोनात सोडतात, कारण कोन जसा वाढतो तसा हाताला देता येणारा वेग कमी होतो, आणि ते आपल्या समीकरणात नाही. हवेचा रोधही नाही. जड, गुळगुळीत, सावकाश जाणाऱ्या गोळ्याला आपलं गणित चपखल बसतं. बॅडमिंटनच्या फुलाला अजिबात बसत नाही.

कागदावरचं उत्तर खरं का, हे पाहायला टेबल, पन्हळ, पोलादी गोळी आणि कार्बन पेपर पुरतो. पन्हळीचं खालचं टोक टेबलाच्या कडेशी अगदी आडवं बसवायचं. पाणसळ लावून पाहायचं, किंवा गोळी टोकाशी ठेवायची आणि ती आपणहून कुठेच घरंगळत नाही ना ते बघायचं. टोक दोन अंश खाली झुकलं तरी पल्ला जवळजवळ एक सेंटिमीटरनं घटतो. टोकापासून ओळंबा सोडून जमिनीवर शून्याची खूण करायची. टेबलाच्या पायापासून मोजू नये, पाय आत असतो. गोळीच्या तळापासून जमिनीपर्यंतची उंची ०.८० मीटर असेल तर पडायला लागणारा वेळ ०.४०४ सेकंद, गोळीचा वेग कितीही असो.

आता वेग. गोळी पन्हळीवर १६ सेंटिमीटर उंचीवरून सोडली, तर ऊर्जेच्या सरळ हिशेबानं वेग १.७७ आणि पल्ला ७१.६ सेंटिमीटर यायला हवा. तिथे कार्बन पेपर अंथरला तर गोळी त्याच्या अलीकडेच, ६० सेंटिमीटरच्या आसपास, पडते. ११ सेंटिमीटरचा फरक घर्षणावर किंवा हवेवर ढकलला जातो, पण एवढ्याशा वाटेत हवा इतकं काही करत नाही. गोळी घसरत नाही, गडगडते. भरीव गोळीच्या गतिज ऊर्जेतले दोन सप्तमांश स्वतःभोवती फिरण्यात जातात, पुढे जायला पाच सप्तमांशच उरतात. तसा हिशेब केला की वेग १.५० आणि पल्ला ६०.५ सेंटिमीटर येतो. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खोल पन्हळ असेल तर गोळी दोन कडांवर टेकून जास्त वेगानं फिरते, आणि पल्ला याहूनही थोडा कमी भरतो.

दहा वेळा गोळी सोडायची आणि कार्बन पेपराखालच्या पांढऱ्या कागदावरचे दहा ठिपके बघायचे. ठिपक्यांचा पुंजका सहसा गोल नसतो. पुढे-मागे लांबट असेल तर गोळी दर वेळी त्याच उंचीवरून सुटत नाही. उंचीत दोन मिलिमीटरचा फरक पडला तर पल्ल्यात जवळजवळ चार मिलिमीटर फरक पडतो. डावी-उजवीकडे पसरलेला असेल तर बोटं गोळीला जाताजाता बाजूचा हेलकावा देत आहेत. गोळी बोटांनी न सोडता तिच्यापुढे एक पट्टी आडवी धरावी आणि ती झटकन वर उचलावी, म्हणजे ठिपके एकमेकांवर पडायला लागतात.